वर बघणारी नवरी

लग्न ठरलेली जोडपी मांडणीबाईंकडे येत, तेव्हा त्यांच्याकडे सांगायला फारसं काही नसे, पण दाखवायला भरपूर असे. फोनमध्ये दोनशे-तीनशे फोटो. फुलांची कमान, दिव्यांच्या माळा, बरणीतल्या मेणबत्त्या, जुन्या शिडीवर चढवलेल्या कुंड्या. मांडणीबाई एकेक फोटो शांतपणे बघत, "हं, छान" म्हणत आणि शेवटी तो फोन टेबलावर पालथा ठेवून विचारत, "आता न बघता सांगा. यातलं काय आठवतंय?"

बहुतेकांची तिथेच दातखीळ बसे. कुणी म्हणे, "ते हे होतं ना... गुलाबी?" मग मांडणीबाई हसून वही उघडत आणि खरं काम सुरू होई.

लग्नाची सजावट करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. खरं नाव फक्त बँकेला ठाऊक. बाकी सगळे मांडणीबाईच म्हणत, कारण कुठेही गेल्या तरी दोन खुर्च्या सरकवल्याशिवाय त्यांना बसवत नसे. कुलूप-किल्लीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची एक लांब खोली होती. मध्ये मोठं टेबल, भिंतीवर कापडांचे तुकडे आणि छताला या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तीन तारा. नवीन काही सुचलं की ते आधी त्या तारांवर लटके. आठवडाभर बघून कंटाळा आला नाही, तरच लग्नात जाई.

अशा त्या खोलीत एका शनिवारी एक जोडपं आलं. मुलगी दवाखान्यात लोकांचे कान तपासायची, मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनीही फोन बाहेर काढला नाही. मुलीनं पर्समधून एक पाकीट काढलं आणि त्यातून एक जुना फोटो.

"ताई, मला हे हवंय," ती म्हणाली.

फोटो काळा-पांढरा होता, कडेनं उडत चाललेला. त्यात एक नवरा-नवरी उभे. नवरा सडपातळ, केस पाणी लावून बसवलेले, आणि तो नवरीकडे बघतोय. नवरी मात्र त्याच्याकडे बघत नाही, कॅमेऱ्याकडेही नाही. ती मान वर करून वर कुठेतरी बघतेय. आणि त्यांच्या मागे, डोक्यावर, दोऱ्यांना ओळीनं काहीतरी लटकतंय. पांढरे, सपाट आकार. काही पंख पसरलेल्या पक्ष्यांसारखे, काही चंद्रकोरीसारखे, काही कशासारखेच नाहीत. ओळीमागून ओळी.

"आई-बाबा," मुलगी म्हणाली. "लग्नाच्या नोंदणीसाठी माझा जन्मदाखला शोधत होते. आईच्या कपाटात, खणात अंथरलेल्या कागदाखाली सापडला. त्यांच्या लग्नाचा फोटो आहे हेच मला माहीत नव्हतं."

"हे मागे काय आहे?"

"तेच तर माहीत नाही."

"आईंना विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाली, आठवत नाही. आणि फोटो परत मागितला. मी दिला नाही." तिचा आवाज जरा खाली आला. "बाबा मी दोन वर्षांची असताना गेले. आई त्यांच्याबद्दल बोलते, अगदी नाही असं नाही. पण लग्नाचा विषय काढला की तोंडाला कुलूप. म्हणते, झालं लग्न, त्यात काय सांगायचं. आणि बघा ना ताई, कशी बघतेय ती वर. इतकं सुंदर काहीतरी असणार तिथे."

मांडणीबाईंनी भिंग काढलं. भिंगातून आकार मोठे झाले, पण कळेनासे झाले. कापड? पत्रा? पुठ्ठा?

लिफ्टवाला पुढे वाकला आणि बोटानं दोरी दाखवली. "एका दोरीवर पंधरा-वीस वस्तू आहेत, तरी दोरीला झोळ नाही. म्हणजे जे काय आहे ते हलकं आहे. कागदच असणार."

"लिफ्टमध्ये हेच बघता वाटतं?"

"दिवसभर," तो म्हणाला. "काय, कशाला, किती वजनानं लटकलंय."

मांडणीबाईंना तो तिथेच आवडला.

लग्नाला सात आठवडे होते. वाचनालयाच्या इमारतीतला वरचा हॉल ठरला होता. माणसं साठ. बाकी कशाबद्दलही दोघांचा हट्ट नव्हता. मांडणीबाईंनी फोटोची मोठी प्रत करून घेतली आणि मूळ फोटो परत दिला. एरवी त्या रात्री अंथरुणाला पाठ टेकली की झोपत, पण तो फोटो काही त्यांच्या डोक्यातून जाईना. बावीस वर्षांत त्यांनी सगळं बघितलं होतं, निदान त्यांचा तसा समज होता. पण हे कुणी केलं असेल? इतक्या वर्षांपूर्वी, जेव्हा सजावट म्हणजे दोन हार आणि चार फुगे, तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असेल की नवरा-नवरीच्या डोक्यावर कागदाचं आभाळ टांगावं? आणि असं सुचणारा माणूस पुढे गेला कुठे?

सोमवारी त्या फोटोची प्रत घेऊन फ्रेमवाल्या काकांकडे गेल्या. काकांचं चौकटींचं दुकान जुनं, आणि चाळीस वर्षं लोकांचे फोटो हाताळून त्यांची नजर अशी झाली होती की फोटोतली माणसं सोडून बाकी सगळं त्यांना आधी दिसे.

काकांनी प्रत उजेडात धरली. बराच वेळ "हं, हं" केलं. मग म्हणाले, "बाई, हे पक्षी नाहीत."

"कशावरून?"

"ही ओळ बघ. आकार एकच आहे, पण डावीकडून उजवीकडे थोडा थोडा मोठा होत जातोय. एक, दोन, तीन, चार, पाच. मग दुसरा आकार. तोही तसाच, लहानापासून मोठा. सजावट करणारा असं मोजून वाढवत नाही. तो एक मोठा, दोन लहान, असं डोळ्याला बरं दिसेल ते करतो." त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथे चौकटींचे कोपरे खिळ्यांना लावलेले होते, बारीकपासून जाडपर्यंत. "माझ्या भिंतीसारखं आहे हे. फक्त एक चूक आहे."

"कुठे?"

"तिसऱ्या ओळीत. हा मोठा आधी आलाय आणि लहान नंतर. अदलाबदल झालीय."

मांडणीबाईंनी डोळे बारीक करून पाहिलं. खरंच होतं. "मग हे आहे तरी काय, काका?"

"ते मला काय माहीत? मी चौकटी करतो."

त्या उठल्या तेव्हा काकांनी पुन्हा हाक मारली. "काय ते कळलं की मला येऊन सांग हो. आता मलाही झोप यायची नाही."

पुढचे दहा दिवस मांडणीबाईंनी त्या आकारांचा पिच्छा पुरवला. पांढरा जाड कागद आणला. फोटो भिंतीवर लावला आणि बघून बघून आकार कापले. पक्ष्यासारखा, कोरीसारखा, एका बाजूला खाच असलेला लांबट. लहान, मोठे, आणखी मोठे. तारांवर टांगले. दुरून पाहिले, खुर्चीवर चढून पाहिले, जमिनीवर आडवं पडूनही पाहिले. वाईट दिसत नव्हते, पण फोटोत जो एक ठामपणा होता, तो यात नव्हता. तिथला प्रत्येक वाक जणू कुणीतरी विचार करून घेतला होता. इथले वाक म्हणजे नुसतीच नक्कल.

अशात एका मंगळवारी दुपारी दारावर टकटक झाली. दारात साठीच्या आसपासच्या एक बाई, गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र, खांद्याला पिशवी. चेहरा बघताच मांडणीबाईंनी ओळखलं. फोटोतली हनुवटी तीच होती.

"मी तिची आई," त्या म्हणाल्या. बसल्या नाहीत. "इस्पितळात रेकॉर्ड विभागात असते. जेवणाच्या सुट्टीत आलेय, लगेच जायचंय. एकच सांगायचं होतं. मुलीचं लग्न आहे, तिला हवं ते करा. फुलं लावा, दिवे लावा, माझं काही म्हणणं नाही. पण त्या फोटोतलं काही करू नका."

"का हो?"

"का म्हणजे? नको म्हणून."

मांडणीबाई काही बोलणार, एवढ्यात आईंची नजर वर गेली. तारांवर पांढरे आकार पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. आई बघतच राहिल्या. मग दोन पावलं पुढे आल्या, त्या पक्ष्यासारख्या आकाराखाली उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुणी कापलं?"

"मी. अंदाजानं."

"दोन्हीकडे सारखं कापलंय."

"हो. फोटोत तसंच वाटलं."

"मग हात पुढे कसा येणार?"

"हात?" मांडणीबाई गोंधळल्या.

"अहो, बाही आहे ना ही!" आई एकदम चिडून म्हणाल्या. "बाहीचा वरचा गोल पुढून खोल घ्यायचा असतो, मागून भरलेला ठेवायचा असतो. माणूस काम पुढे करतो, मागे करतो का? अशी बाही घातली तर मुलाला फळ्यावर लिहिताना काखेत काचेल." त्यांनी दुसऱ्या आकाराकडे बोट केलं. "आणि ही कॉलर? ही कॉलर मानेवर बसेल का? उभीच राहील फळीसारखी. आणि कागद पांढरा कशाला? बदामी हवा. जाड बदामी. पांढरा चार दिवसांत मळतो."

मांडणीबाईंना एक क्षण काही कळलं नाही, आणि पुढच्या क्षणी सगळं कळलं. लहानापासून मोठं, ओळीनं. साइज. शिवणकामाचे कागदी नमुने!

"तुम्ही..." त्या म्हणाल्या.

पण आईंनी पिशवी टेबलावर ठेवली होती. "कात्री आहे का? कागदाची द्या, कापडाची नको, तिची धार जाते."

मांडणीबाईंनी कात्री दिली. आईंनी कोरा कागद ओढला, पेन्सिलीनं एक उभी रेघ मारली, वीत आणि बोटांनी दोन-तीन ठिकाणी खुणा केल्या आणि एका दमात वाक काढला. मग कात्री चालली. कात्री उघडमीट करताना दिसतच नव्हती, कागद जणू आपणहून बाजूला होत होता. कापून झालेला आकार त्यांनी तारेवर मांडणीबाईंच्या आकाराशेजारी लावला. दोन्ही आकार जवळजवळ सारखेच होते, आणि तरी एक जिवंत वाटत होता आणि दुसरा नव्हता.

"तुमची सुट्टी संपेल," मांडणीबाई हळूच म्हणाल्या.

"संपू दे," आई म्हणाल्या, आणि बसल्या.

मग त्यांनी सांगितलं. शाळेचे गणवेश शिवायचं ते एक दुकान होतं. दुकान कसलं, माळ्यासारखी लांब खोली. अकरा मशीन आणि एक कापायचं टेबल. टेबलावर त्या. बेचाळीस शाळांचे गणवेश त्यांच्या कात्रीखालून जात. चौथ्या मशीनवर तो. लग्न ठरलं तेव्हा दुकानाच्या मास्तरांनी उदारपणे सांगितलं, रविवारी खोली रिकामीच असते, इथेच करा. मशीन भिंतीला सरकवू, वरचे नमुनेही उतरवू.

"आणि शनिवारी संध्याकाळी म्हणाले, नमुने राहू दे. उतरवले की साइज मिसळतात, सोमवारी मोठं काम आहे. आणि मिसळले असते हो, त्यात खोटं नव्हतं. त्या क्रमानं मीच लावलेले होते." त्या उसासल्या. "ही काय सजावट नव्हती, बाई. तो पसारा होता. लोक आले, वर बघायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. माझी चुलत बहीण म्हणाली, कारखान्यात लग्न लावलंस की गं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"पण फोटोत तुम्ही वर बघताय. किती..."

"किती काय? वर बत्तीसच्या जागी चौतीस लटकत होता!" आई म्हणाल्या. "तिसऱ्या ओळीत. दोन बाह्या उलटसुलट. फोटोवाला म्हणतोय, इकडे बघा, इकडे बघा, आणि मला तेच दिसतंय. सोमवारी कुणी ती उचलून कापड कापलं असतं तर गठ्ठा वाया गेला असता."

मांडणीबाईंना हसू आवरेना. आईंनी आधी रागानं पाहिलं, मग त्याही थोड्या हसल्या.

"मग काम का सोडलंत?"

आईंनी कात्री मिटून बाजूला ठेवली. "तो गेला. पुढच्या महिन्यात चौथ्या मशीनवर दुसरं कुणी बसलं. बसणारच, मशीन रिकामं ठेवून कसं चालेल? पण मला कापताना मान वर करता येईना. मग इस्पितळात लागले. घरात सुईसुद्धा ठेवली नाही. बटण तुटलं की मुलगी शेजारी जायची."

जाताना मांडणीबाई त्यांना म्हणाल्या, "हे मुलीला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

गुरुवारी मुलगी आली, मागून लिफ्टवाला. मुलीचे डोळे सुजलेले होते.

"पसारा!" ती म्हणाली. "मी महिनाभर त्या फोटोकडे बघून रडतेय, ताई. मला वाटत होतं आई किती आनंदानं वर बघतेय. आणि ती साइज तपासत होती!"

"बत्तीस आणि चौतीस," लिफ्टवाला गंभीरपणे म्हणाला. त्याच्या तोंडून ते आकडे असे आले की मुलीला रडता रडता हसू फुटलं.

मांडणीबाईंनी मोठी प्रत पुन्हा टेबलावर पसरली. इतके दिवस त्या आकारांकडेच बघत होत्या. आता पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "हे बघ," त्या म्हणाल्या. "तुझे बाबा. यांचे ओठ बघ. हसू दाबलंय यांनी. हे कशाची तरी वाट बघतायत."

मुलगी वाकली. मग तिनं आईला फोन लावला आणि फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"आई, फोटोत बाबा हसतायत का?"

पलीकडे इस्पितळातल्या ट्रॉलीचा खडखडाट.

"आई?"

"त्यानंच बदलले होते," आई म्हणाल्या.

"काय?"

"त्या दोन बाह्या. सकाळी येऊन त्यानं मुद्दाम अदलाबदल केली. दुकानातल्यांशी पैज लावली होती."

"कसली पैज?"

"की लग्नाच्या दिवशीसुद्धा मी ओळखीन म्हणून." आईंचा आवाज बारीक झाला होता. "सगळे म्हणाले, नवरीला कशाला भान असतंय. तो म्हणाला, हिला असेल. दिवसभर माझ्या तोंडाकडे बघत होता, आता वर बघेल, मग बघेल. फोटोच्या वेळी बघितलं."

"मग जिंकले?"

"जिंकला की. पार्टी मागितली त्यानं सगळ्यांकडे." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "मी कामात आहे. ठेव आता."

फोन बंद झाला. लिफ्टवाल्यानं मुलीच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, "आता तर मला हे हवंच आहे."

पण आई बधल्या नाहीत. शनिवारी तिघी टेबलाशी बसल्या, आणि आईंनी साफ सांगितलं, "माझ्या लग्नात ते डोक्यावर होतं, तुझ्या लग्नात पुन्हा नको. मी वर बघत बसेन. मला तुझ्याकडे बघायचंय." आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि मुलीचंही नव्हतं.

मांडणीबाईंना आता वेगळाच प्रश्न पडला होता. "आई," त्या म्हणाल्या, "मास्तरांनी नमुने उतरवले असते, तर तुम्हाला काय हवं होतं? त्या खोलीत तुम्हाला काय करायचं होतं?"

"मला? काही नाही."

"काहीतरी मनात असेलच."

आईंनी बोटानं टेबलावर रेघ ओढली. "खिडक्या," त्या शेवटी म्हणाल्या. "त्या खोलीला चार मोठ्या खिडक्या होत्या. आम्ही कधी बघितल्याच नाहीत. पुढे कापडाचे तागे रचलेले, वर नमुने. दिवसासुद्धा दिवे लावून काम. मला वाटायचं, एक दिवस सगळं बाजूला करावं आणि खिडक्या उघडाव्यात. बाकी काही नको. फूलसुद्धा नको. नुसता उजेड आत यावा आणि त्यात उभं राहावं."

मांडणीबाई त्याच दिवशी वाचनालयात गेल्या. तो हॉल त्यांनी आधीही सजवला होता, दोनदा. तिन्ही बाजूंना लाल जड पडदे, पुढे व्यासपीठावर लाकडी तक्त्यांची खोटी भिंत. त्यांनी पडदा हातानं बाजूला केला. आत खिडकी होती. त्याच्या शेजारच्या पडद्यामागेही. खोट्या भिंतीमागे शिरल्या, तर तिथे तीन खिडक्या, त्यातली एक पुठ्ठा लावून बंद केलेली. बाकीच्या पडद्यांमागच्या धरून एकूण सात. दोन वेळा या खोलीत दिवसभर राबून त्यांना एकही दिसली नव्हती! त्या व्यासपीठाच्या पायरीवर बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "कमाल आहे बाई माझी."

मग कामाला लागल्या. वाचनालयाच्या व्यवस्थापकांची परवानगी काढायला दोन दिवस गेले. ते पुन्हा पुन्हा विचारत, "लावायचं काय आहे?" आणि या म्हणत, "लावायचं काही नाही, काढायचंय." पडदे उतरले. ते इतके जड होते की चौघं लागले. तक्त्यांची भिंत सुटी झाली. काचा धुतल्या, दोनदा. जमिनीवरचा गालिचा गुंडाळला तर खाली तांबूस लाकूड निघालं. मुलगी येऊन बघून गेली, मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, इथे काहीच नाही."

"आवडलं नाही?"

"तसं नाही." ती भोवती फिरली. "काहीच नाही, पण मला बाहेर जावंसं वाटत नाहीये."

आईंनी मात्र एक गोष्ट स्वतःहून मागितली. मुलीच्या लग्नाचा पोशाख मी कापणार, शिवायला कुणालाही द्या. मांडणीबाईंच्या टेबलावर पाच दिवस संध्याकाळी त्यांनी बदामी कागदावर काम केलं. लांब, सरळ कोट, साधी कॉलर, खाली रुंद घेर. मुलगी समोर हात पसरून उभी, आई तोंडात टाचण्या धरून भोवती फिरतायत, आणि मांडणीबाई वहीत लिहायचं सोडून बघतायत. एका संध्याकाळी त्यांनी फ्रेमवाल्या काकांना बोलावून घेतलं. काकांनी नमुना हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, "असं आहे होय! मग त्या अदलाबदलीचं काय?" आईंनी सांगितल्यावर काका इतक्या मोठ्यानं हसले की खालचा कुलूपवाला वर बघायला आला.

लग्न दुपारी तीनला होतं. लोक येऊ लागले, आत पाऊल टाकत आणि थबकत. नवरदेवाच्या आत्या मांडणीबाईंना बाजूला घेऊन म्हणाल्या, "सजावट अजून व्हायचीय का?"

"झाली," मांडणीबाई म्हणाल्या. मग आत्यांसाठी पुढची एक खुर्ची सरकवली.

नोंदणी अधिकारी आले, टेबल व्यासपीठापुढे मधोमध मांडलं. नवरा-नवरी आले. कोट फिकट निळा होता, आणि मुलगी हात पुढे करून सगळ्यांशी हस्तांदोलन करत होती तेव्हा खांद्यावर एकही सुरकुती पडत नव्हती. सातही खिडक्यांतून उजेड आत आला होता. सगळं मनासारखं चाललं होतं, फक्त एका गोष्टीचा मांडणीबाईंनी विचार केला नव्हता. त्यांनी हॉल नेहमी सकाळी पाहिला होता. साडेतीनला सूर्य पश्चिमेच्या खिडक्यांत उतरला आणि साठच्या साठ माणसांच्या थेट डोळ्यांत गेला.

लोकांनी आधी डोळ्यांवर हात आडवे धरले. मग पत्रिका. आत्यांनी पिशवीच डोळ्यांपुढे धरली. अधिकारी वाचता वाचता अडखळले. मांडणीबाईंना वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात लिफ्टवाला म्हणाला, "एक मिनिट. सगळे फिरा."

"कुठे फिरा?"

"उलटे. खुर्च्या फिरवा. आम्ही तिकडे येतो."

एकच गोंधळ उडाला. साठ खुर्च्या लाकडावर करकरल्या. पुढच्या रांगेतले मागे गेले, दाराजवळ बसलेले, उशिरा आलेले, ते एकदम पुढे आले. नवरा, नवरी आणि अधिकारी टेबल उचलून हॉलच्या दुसऱ्या टोकाला चालले, आणि लोक हसत, टाळ्या वाजवत त्यांना वाट करून देत होते. आता सूर्य सगळ्यांच्या पाठीशी होता आणि दोघांच्या चेहऱ्यावर. त्यांनी डोळे किलकिले करून सह्या केल्या. एकाही फोटोत दोघांचे डोळे धड उघडे नाहीत.

जेवणं सुरू झाल्यावर मांडणीबाई खिडकीजवळच्या खुर्चीवर टेकल्या. पाय दुखत होते. आई दोन ताटं घेऊन आल्या, एक त्यांच्या हातात दिलं आणि शेजारी बसल्या.

"माफ करा हो," मांडणीबाई म्हणाल्या. "उन्हाचं लक्षात आलं नाही."

"असू दे. मला सगळं नीट दिसलं," आई म्हणाल्या. त्यांनी थोडा वेळ जेवून मग विचारलं, "तुमचं लग्न कसं झालं होतं?"

"माझं झालंच नाही."

"बरं," आई म्हणाल्या, जणू कुणी साइज सांगितला. "झालं असतं तर? काय केलं असतं?"

मांडणीबाई नेहमीसारखं काहीतरी हसून टाळणार होत्या. पण आई खरंच वाट बघत होत्या, हातातला घास तसाच धरून.

"जिना," मांडणीबाई म्हणाल्या, आणि आपण हे बोललो याचं त्यांनाच नवल वाटलं. "मोठा दगडी जिना. हॉल नाही, खुर्च्या नाहीत. सगळ्यांनी पायऱ्यांवर बसायचं, खालपासून वरपर्यंत. आम्ही दोघं मध्ये कुठेतरी उभे. म्हणजे लहान पोरांनाही दिसलं असतं, मागच्यांनाही. आणि कुणाला जायचं असेल तर... नाही, कुणाला जाता आलंच नसतं, वाटच नसती." त्या हसल्या.

आईंनी घास तोंडात टाकला, विचार करत चावला.

"किती पायऱ्या?" त्यांनी विचारलं.

हे मांडणीबाईंनी ठरवलंच नव्हतं. त्यांनी ताट मांडीवर ठेवलं, खिशातून पेन्सिल काढली आणि पत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, साठ माणसं धरून, मोजायला लागल्या.